तार किती नंबरची लावावी?

तंबोऱ्याची तार तुटली की आपण वाद्यांच्या दुकानात जातो आणि जोडीची एक तार मागतो. जाणकार दुकानदार तार लगेच देत नाही. तंबोरा पुरुषांचा की स्त्रियांचा, गाणाऱ्याची पट्टी कोणती, पूर्वीची तार किती नंबरची होती, असे तीन प्रश्न तो आधी विचारतो. ‘असू द्या, जरा जाड द्या, म्हणजे पुन्हा तुटायची नाही,’ असे उत्तर देणारे गिऱ्हाईक त्याला नवे नसते.

या उत्तरात एक समजूत दडलेली आहे: जाड तार मजबूत, म्हणून ती तुटत नाही. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची, हे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकवल्या जाणाऱ्या एका सूत्रातून समजते. दुकानदाराच्या तिन्ही प्रश्नांचा अर्थही त्याच सूत्रात आहे. शाळेत तंबोरा असेल, किंवा एखादा विद्यार्थी बेस गिटार वाजवत असेल, तर हे सूत्र फळ्यावरून उतरून हातात येऊ शकते.

सूत आणि तार

आधी ‘नंबर’ म्हणजे काय ते पाहू. भारतात वाद्यांच्या साध्या तारा बहुधा ब्रिटिश ‘स्टँडर्ड वायर गेज’नुसार विकल्या जातात. ब्रिटनमध्ये १८८४ पासून हे माप कायदेशीर झाले. त्यात नंबर वाढतो तशी तार बारीक होते. २२ नंबरची तार ०.७१ मिमी जाडीची असते, तर ३२ नंबरची केवळ ०.२७ मिमी. हा उलटा क्रम तार तयार करण्याच्या रीतीतून आला, असे सांगतात. धातूची कांब क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तार काढतात. जितक्या जास्त वेळा ओढावी, तितकी ती बारीक.

भिवंडी आणि तिच्या शेजारच्या राहनाळसारख्या गावांतल्या विद्यार्थ्यांना हा उलटा क्रम समजावून सांगणे सोपे आहे, कारण यंत्रमागाच्या या परिसरात सुताचा ‘काउंट’ हा शब्द अनेक घरांत ठाऊक असतो. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा काउंट. म्हणजे काउंट मोठा, तर सूत बारीक. कृत्रिम धाग्यासाठी मात्र ‘डेनिअर’ वापरतात. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. इथे आकडा मोठा, तर धागा जाड.

डेनिअर ही कल्पना आपल्या विषयाला फार जवळची आहे. ते जाडीचे माप नाही. ठरावीक लांबीत किती वस्तुमान आहे याचे ते माप आहे. भौतिकशास्त्रात यालाच ‘रेषीय घनता’ म्हणतात. २९ नंबरच्या पोलादी तारेचे दर मीटरला वस्तुमान सुमारे ०.७४ ग्रॅम भरते. विणकराच्या भाषेत ती साधारण ६,६०० डेनिअरची झाली! तारेच्या कंपनात महत्त्व असते ते याच राशीला. जाडी महत्त्वाची ठरते ती केवळ वस्तुमान तिच्यावर अवलंबून असते म्हणून.

बेस गिटारच्या तारांच्या पाकिटावर ४५–६५–८५–१०५ असे आकडे असतात. हे इंचाचे हजारांश. त्यांत आकडा मोठा, तर तार जाड. तेव्हा नंबर वाचण्यापूर्वी तो कोणत्या पद्धतीचा आहे, हे पाहिले पाहिजे.

तंबोऱ्याच्या चार तारा

महाराष्ट्रात तंबोऱ्याचे गाव म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या शिकलगार कारागिराने तिथे तंतुवाद्ये बनवण्यास सुरुवात केली, आणि हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातून ‘सतारमेकर’ घराणी उभी राहिली. भोपळे पंढरपूरच्या परिसरातून येतात. दांडी, तबली, घोडी मिरजेत घडते. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याला बहुधा चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या म्हणजे षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची, जोडीहून एक सप्तक खालच्या षड्जाची. पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात.

गाणाऱ्या पुरुषाची पट्टी काळी एक असेल, तर जोडीच्या तारेची वारंवारता सुमारे १३८.६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला इतकी कंपने. खर्ज तिच्या निम्मा, ६९.३ हर्ट्झ. पंचम खर्जाच्या दीडपट, सुमारे १०४ हर्ट्झ. चारही तारांची लांबी मात्र एकच, कारण त्या एकाच घोडीवरून निघून वरच्या एकाच आधारपट्टीवर जातात. लांबी एक आणि स्वर वेगळे, तर फरक कशाने करायचा? दोनच गोष्टी उरतात: ताण आणि रेषीय घनता.

मेर्सेनचे सूत्र

गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट वाजवणारे संगीतज्ञ होते. तारेला वजन टांगून त्यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की स्वर एक सप्तक चढवायचा, तर वजन दुप्पट करून भागत नाही. ते चौपट करावे लागते. पुढे फ्रेंच धर्मगुरू मारें मेर्सेन यांनी १६३६ साली तारेचे सर्व नियम एकत्र मांडले. आजच्या भाषेत ते असे:

वारंवारता = (१ ÷ लांबीची दुप्पट) × √(ताण ÷ रेषीय घनता)

लांबी निम्मी केली, तर वारंवारता दुप्पट. ताण चौपट केला, तर वारंवारता दुप्पट. रेषीय घनता चौपट केली, तर वारंवारता निम्मी. धातू तोच ठेवला, तर रेषीय घनता जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून जाडी दुप्पट केली की वारंवारता निम्मी होते.

आता चारही तारा एकाच जाडीच्या लावल्या तर काय होईल? खर्जाच्या तारेचा ताण जोडीच्या तारेच्या चौथा हिस्सा ठेवावा लागेल. ती ढिली पडेल, छेडली की लोंबल्यासारखी हलेल, आणि छेडण्याच्या क्षणी तिचा स्वर चढून मग उतरेल. एकाच बोटाने, एकाच जोराने छेडलेल्या तारांचा आवाज सारखा यावा, तंबोरा अखंड गुंजावा, यासाठी चारही तारांचा ताण साधारण सारखा असावा लागतो. म्हणून खालच्या स्वराची तार जाड. गेज निवडण्याचे मूळ तत्त्व एवढेच आहे.

गेज काढण्याची रीत

वरचे सूत्र थोडे फिरवले आणि पोलादाची घनता (पाण्याच्या ७.८५ पट) त्यात घातली, की एक सुटसुटीत रीत मिळते. लांबी मीटरमध्ये, वारंवारता हर्ट्झमध्ये आणि जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. तिन्हींचा गुणाकार करा, त्याचा वर्ग करा आणि ४०० ने भागा. उत्तर येईल ते ताणाचे, किलोग्रॅम भारात. पितळ पोलादाहून जड असल्याने पितळेच्या तारेसाठी ४०० ऐवजी सुमारे ३६७ ने भागावे.

उदाहरण घेऊ. घोडीपासून वरच्या आधारपट्टीपर्यंत १ मीटर लांबी असलेला पुरुषांचा तंबोरा. जोडीला २९ नंबरची पोलादी तार, जाडी ०.३४५ मिमी. १ × १३८.६ × ०.३४५ = ४७.८. वर्ग सुमारे २,२८५. भागिले ४०० म्हणजे ५.७ किलो. खर्जाला २२ नंबरची पितळी तार, जाडी ०.७११ मिमी. १ × ६९.३ × ०.७११ = ४९.३. वर्ग सुमारे २,४३०. भागिले ३६७ म्हणजे ६.६ किलो. पंचमाला २६ नंबरची पोलादी तार, जाडी ०.४५७ मिमी. गुणाकार ४७.५, ताण सुमारे ५.७ किलो.

म्हणजे हे नंबर लावले की चारही तारा साडेपाच ते साडेसहा किलोच्या आसपास येतात. २९ आणि २२ हे नंबर वादकांनी आणि कारागिरांनी कानाने आणि बोटाने ठरवलेले आहेत. सूत्र त्यांना दुजोरा देते.

स्त्रियांच्या तंबोऱ्याची लांबी कमी असते. ती ८५ सेंमी धरू आणि पट्टी काळी चार, म्हणजे जोडी २०७.७ हर्ट्झ. त्याच रीतीने आलेले ताण शेजारी ठेवून पाहा.

| तार | पुरुष, १ मीटर, काळी एक | ताण | स्त्री, ८५ सेंमी, काळी चार | ताण |
|---|---|---|---|---|
| पंचम | २६ पोलाद | ५.७ किलो | २८ पोलाद | ६.२ किलो |
| जोड | २९ पोलाद | ५.७ किलो | ३२ पोलाद | ५.९ किलो |
| खर्ज | २२ पितळ | ६.६ किलो | २४ पितळ | ६.६ किलो |

आपल्या तंबोऱ्याची लांबी वेगळी असेल, तर मोजपट्टीने मोजावी आणि हिशेब पुन्हा करावा. त्यासाठी काही नंबरांच्या जाड्या मिलिमीटरमध्ये देतो: २२ – ०.७१, २४ – ०.५६, २५ – ०.५१, २६ – ०.४६, २७ – ०.४२, २८ – ०.३८, २९ – ०.३४५, ३० – ०.३१५; ३१ – ०.२९५, ३२ – ०.२७४, ३३ – ०.२५४.

तार तुटते केव्हा?

आता सुरुवातीच्या समजुतीकडे वळू. तार तुटणे न तुटणे एकूण ताणावर ठरत नाही. ते ठरते तारेच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला किती ताण येतो त्यावर. याला ‘प्रतिबल’ म्हणतात.

वरच्या उदाहरणात २९ नंबरच्या तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.०९४ चौरस मिमी आहे. ताण ५.७ किलो, म्हणून प्रतिबल दर चौरस मिमीला सुमारे ६१ किलो. आता तिच्याऐवजी जाड, २७ नंबरची तार लावून पाहू. तोच स्वर मिळवण्यासाठी तिला ८.४ किलो ताणावे लागेल. पण तिचे क्षेत्रफळही वाढून ०.१३६ चौरस मिमी झाले आहे. भागाकार करा: पुन्हा ६१ किलोच!

हा योगायोग नाही. जाडी वाढवली की वस्तुमान ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात लागणारा ताण वाढतो आणि त्याच प्रमाणात क्षेत्रफळही. तिन्ही एकमेकांना छेदतात आणि प्रतिबलात जाडी उरतच नाही. उरतात फक्त लांबी, वारंवारता आणि धातूची घनता. म्हणजे ठरलेल्या लांबीवर ठरलेला स्वर लावताना जाड तार आणि बारीक तार तुटण्याच्या सारख्याच जवळ असतात. जाड तार लावून हाती लागते एवढेच की दांडीवर आणि तबलीवर जादा भार पडतो.

मग काही तारा वरचेवर का तुटतात? एक तर तार गंजलेली असते, किंवा खुंटीजवळ, घोडीपाशी तिला तीव्र बाक बसलेला असतो. किंवा लांबी आणि पट्टी यांचा मेळ नसतो. अनेक ठिकाणी पुरुषांचा एकच तंबोरा असतो आणि मुलींच्या गाण्यासाठी तोच काळी चारपर्यंत चढवला जातो. काळी एक ते काळी चार हे अंतर वारंवारतेच्या हिशेबाने दीडपट आहे. ताण त्याच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ सव्वादोनपट होतो. चारही तारांचा मिळून सुमारे २४ किलोचा भार ५४ किलोवर जातो. जोडीच्या पोलादी तारेवरचे प्रतिबल १३८ किलोवर पोहोचते. वाद्यासाठी बनवलेली चांगली बारीक पोलादी तार २०० किलोहून जास्त सोसते, त्यामुळे ती कदाचित टिकेल; पण दांडी हळूहळू वाकेल, तबली दबेल. अशा वेळी जाड नव्हे, बारीक तार लावायला हवी. ३३ नंबरची तार लावली, तर जोडीच्या तारेचा ताण १३ किलोवरून ७ किलोवर येतो. प्रतिबल तेच राहते, पण वाद्य वाचते.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. ‘तार टिकेल का?’ याचे उत्तर लांबी, स्वर आणि धातू देतात. ‘वाद्य टिकेल का, आणि आवाज चांगला येईल का?’ याचे उत्तर देण्यात नंबराचा वाटा मोठा असतो.

खर्जाला पितळ का?

वरची तार पोलादाची आणि खर्जाची पितळेची, ही परंपराही याच हिशेबात बसते. ओढून कडक केलेली पितळेची तार, मिश्रधातूच्या प्रकारानुसार, दर चौरस मिमीला साधारण ६० ते ९० किलोला तुटते. ती जोडीला लावली, तर तिच्यावर ६७ किलो येतील. म्हणजे ती तुटण्याच्या उंबरठ्यावरच असेल. खर्जाला मात्र वारंवारता निम्मी असल्याने प्रतिबल चौथा हिस्सा, केवळ १७ किलो. तिथे पितळ निर्धास्त राहते.

पण खर्जाला पोलाद तरी का नको? तेही तुटणार नाहीच. इथे दुसरी गोष्ट आड येते: ताठरपणा. मेर्सेनचे सूत्र पूर्ण लवचीक तारेसाठी आहे. खरी तार थोडी सळईसारखीही वागते. वाकवली की स्वतःहून सरळ होऊ पाहते. तार एकाच वेळी मूलस्वरात आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा उपस्वरांत कंप पावते. जितका उपस्वर वरचा, तितके तारेचे वळण लहान आणि ताठरपणाचा परिणाम जास्त. त्यामुळे वरचे उपस्वर अचूक पटीत न राहता किंचित चढतात. हा दोष जाडीबरोबर फार वेगाने वाढतो. ताण आणि लांबी तीच असेल, तर जाडीच्या चौथ्या घाताने.

हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर. १ मीटर लांबीच्या, ०.७१ मिमी जाडीच्या पोलादी खर्जाचा दहावा उपस्वर अर्धस्वराच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाने चढतो. पितळ पोलादाच्या निम्मेच ताठर असल्याने तिथे हा दोष जवळजवळ निम्म्यावर येतो.

दुसऱ्या वाद्यात इतक्या वरच्या उपस्वरांची चिंता फारशी करावी लागत नाही. तंबोऱ्यात करावी लागते, कारण तंबोरा हे उपस्वरांचेच वाद्य आहे. त्याची घोडी रुंद असून तिच्या पृष्ठाला अत्यंत सौम्य उतार असतो. तार त्या पृष्ठाला स्पर्श करत, सोडत कंप पावते. तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने हा स्पर्श नेमका साधला, की जवारी खुलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूपाशी छेडावी, तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा जुना नियम होता. तंबोरा आणि वीणा यांत असे उपस्वरही स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण त्यांची विशिष्ट घोडी आहे, हे रामन यांनी त्यात दाखवले.

व्यवहारातली एक सूचना यातून निघते. तारेचा नंबर बदलला की तिचा ताण आणि घोडीवरचा तिचा स्पर्श दोन्ही बदलतात. म्हणून नवी तार लावल्यावर दोरा पुन्हा जुळवावाच लागतो. जवारी ‘गेली’ असे वाटल्यास घोडी कानशीने घासायला देण्यापूर्वी नंबर तपासावा.

बेस गिटार: जाड तारेचा दुसरा मार्ग

तंबोऱ्यातले हे तत्त्व बेस गिटारला लावून पाहू. लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे ८६.४ सेंमी होती. आजही बहुतेक बेस गिटारची लांबी तीच असते. तिच्या चार तारांचे स्वर ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ. म्हणजे वाद्य तंबोऱ्याहून आखूड, आणि सर्वांत खालचा स्वर मात्र तंबोऱ्याच्या खर्जाहून बराच खोल.

त्यातच गिटारला पडदे असतात. तंबोऱ्याची तार घोडीला घासावी हीच अपेक्षा असते. गिटारची तार पडद्यांना लागली, तर खडखडाट होतो. म्हणून ती जास्त ताणावी लागते, दर तारेला साधारण १६ ते २४ किलो. ४१.२ हर्ट्झसाठी १८ किलो ताण हवा असेल, तर भरीव पोलादी तार किती जाड लागेल? आपल्या रीतीने उत्तर येते सुमारे २.४ मिमी. ही तार नव्हे, सळईच! ताठरपणामुळे तिचा दुसरा उपस्वर अर्ध्या अर्धस्वराहून अधिक चढेल आणि पाचवा तर जवळजवळ चार अर्धस्वरांनी. तिचा आवाज संगीताऐवजी लोखंडी पट्टीवर ठोकल्यासारखा येईल.

यावरचा उपाय सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून माहीत आहे. आत बारीक पोलादी गाभा ठेवायचा आणि त्यावर दुसरी तार स्प्रिंगसारखी गुंडाळायची. गुंडाळी वस्तुमान वाढवते, पण ताण घेत नाही आणि ताठरपणाही फारसा वाढवत नाही. ताण गाभा सोसतो. म्हणजे एकाच तारेने करायची दोन कामे दोघांत वाटून दिली जातात. तंबोऱ्यात लांबी जास्त आणि ताण कमी असल्याने या उपायाची गरज पडत नाही. शिवाय जवारीच्या गुळगुळीत पृष्ठावर खरबरीत गुंडाळीला तो नाजूक स्पर्श साधणे कठीण.

बेस वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला गेज निवडताना हेच गणित उपयोगी पडते. सर्वांत खालची तार ४१.२ वरून ३६.७ हर्ट्झवर, म्हणजे दोन अर्धस्वर, उतरवली, तर ताण पाचव्या हिश्शाने कमी होतो आणि तार पडद्यांवर आपटू लागते. पूर्वीचाच ताण हवा असेल, तर जाडी १२ टक्क्यांनी वाढवावी. १०५ ऐवजी ११८ च्या आसपासची तार घ्यावी. पाच तारांच्या बेसवर आणखी खालच्या, ३०.९ हर्ट्झच्या तारेसाठी १२५ ते १३५ ची तार का देतात, हेही यावरून समजेल.

पंचमाची तार: एक तडजोड

तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचा नंबर ठरवणे सर्वांत अवघड, कारण तिला एकच स्वर नसतो. मालकंसात पंचम वर्ज्य म्हणून ती मध्यमावर लावतात. मारवा, पूरिया यांसारख्या रागांत निषादावर. पंचमावर ५.७ किलो असलेली २६ नंबरची तार मध्यमावर ४.५ किलोवर उतरते आणि निषादावर ८.९ किलोवर चढते. एकाच तारेचा ताण एका मैफलीत दुप्पट होऊ शकतो. नेहमी निषाद लावणाऱ्याने २७ नंबर घेतला, तर हेच आकडे पंचमाला ४.७ आणि निषादाला ७.४ असे होतात. ही तार पितळेची असेल, तर निषादावर तिच्यावरचे प्रतिबल ५८ किलोवर, म्हणजे तुटण्याच्या मर्यादेजवळ जाते. तेव्हा अशा वापरासाठी पोलादच बरे.

वर्गात करून पाहा

सोनोमीटर नसला, तरी दीड मीटर लांबीची मजबूत फळी, एक कप्पी, दोन लाकडी तिकोनी ठोकळे आणि प्लास्टिकची बादली पुरते.

१. फळीच्या एका टोकाला खिळ्याला २९ नंबरची पोलादी तार बांधा, दुसरे टोक कप्पीवरून सोडून त्याला बादली टांगा. दोन ठोकळ्यांत बरोबर १ मीटर अंतर ठेवा.

२. बादलीसह वजन १.५ किलो होईल इतके पाणी ओता. तार छेडून हार्मोनियमवर किंवा भ्रमणध्वनीवरील स्वरमापकावर स्वर पाहा; तो ७० हर्ट्झच्या आसपास येईल. पाणी वाढवून एकूण वजन ६ किलो करा. स्वर सप्तकभर चढलेला आढळेल, कारण वजन चौपट झाले आहे.

३. वजन तेच ठेवून २९ च्या जागी २२ नंबरची पोलादी तार लावा. जाडी दुपटीहून किंचित जास्त, म्हणून स्वर सप्तकाहून किंचित जास्त उतरेल.

४. दहा मीटर तार गुंडाळून सोनाराच्या काट्यावर वजन करा. २९ नंबरची असेल, तर ७.४ ग्रॅम भरेल. ९०० ने गुणले की तिचे डेनिअर मिळतील.

तार तुटल्यास डोळ्यांना इजा होऊ शकते. म्हणून प्रयोग करणाऱ्याने चष्मा किंवा संरक्षक गॉगल घालावा, बादलीखाली पोते ठेवावे आणि मुलांना तारेच्या रेषेत उभे करू नये.

ज्या शाळेत तंबोरा आहे, तिथे विद्यार्थ्यांकडून आणखी एक काम करून घ्यावे. घोडीपासून आधारपट्टीपर्यंतची लांबी मोजावी, नेहमीची पट्टी लिहावी, चारही तारांचे ताण काढावेत आणि योग्य नंबर एका जाड कागदावर लिहून तो तंबोऱ्याच्या गवसणीत ठेवावा. पुढची तार आणायला जो कोणी जाईल, त्याच्याकडे दुकानदाराच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तयार असतील.